झाकणाच्या आतली बाजू

भाच्याचं घड्याळ बंद पडलं, तेव्हा ते घेऊन तो माझ्याकडे आला. जाड पोलादी पट्टा, हिरवी डायल आणि डायलवर एका नामांकित स्विस कंपनीचं नाव. बाजारात ज्याला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात, त्यातलं. अस्सल नाही हे त्याला घेतानाच ठाऊक होतं, तरी मनात एक आशा होती. “मामा, याचा सेकंद काटा टकटक उड्या मारत नव्हता, कसा सरसर सरकायचा. म्हणजे आतलं मशीन तरी खरं असेल ना?” मलाही वडिलांचं जुनं एचएमटी सफाईला द्यायचंच होतं. दोन्ही घड्याळं घेऊन आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या महाराज बाड्याकडे निघालो.

काचेची पेटी मांडून तिच्यामागे दिवसभर मान खाली घालून बसणारे घडीसाज ग्वाल्हेरात आता मोजकेच उरले आहेत. आमच्या ओळखीच्या घडीसाजाने डोळ्याला भिंग चढवलं, दोन्ही घड्याळांची मागची झाकणं काढली, बराच वेळ आत पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “इसकी मशीन बुरी नहीं है, बस सर्विस माँग रही है। और आपके एचएमटी का डायल कंपनी का नहीं, बाद का है।”

आम्ही दोघंही गप्प झालो. ज्याला नकली म्हणत होतो त्याच्या पोटात चांगलं चालण्याजोगं मशीन निघालं, आणि जे डोळे झाकून अस्सल मानलं त्याचा चेहराच परका निघाला. मग यातलं खरं कुठलं? याचं उत्तर हवं असेल तर घड्याळ चालतं कसं आणि एका घड्याळाचा भाग दुसऱ्यात बसतो कसा, हे आधी समजून घ्यावं लागतं.

झोपाळा आणि पायाचा ठेका

चावीच्या घड्याळाचं सगळं शास्त्र माजघरातल्या झोपाळ्यात आहे. झोपाळ्यावर बसलेला माणूस एका लयीत पुढे-मागे जातो. झोका थोडा मोठा असो की लहान, एका फेरीला लागणारा वेळ जवळपास तोच राहतो. पण झोपाळा आपोआप कायम चालत नाही. बसणारा योग्य क्षणी पायाने जमिनीला हलका ठेका देतो, तेवढ्यावर लय टिकते.

घड्याळातला झोपाळा म्हणजे बॅलन्स, नाण्याहून लहान असं एक चाक. ते पूर्ण फिरत नाही, एकदा इकडे नि एकदा तिकडे असं झुलतं. झोपाळ्याला परत खेचून आणायचं काम गुरुत्वाकर्षण करतं. मनगटावरचं घड्याळ कधी उभं, कधी आडवं, कधी उलटं असतं, तिथे गुरुत्वाकर्षणाचा काय भरवसा! म्हणून त्या चाकाला केसासारखी बारीक, उदबत्तीच्या चक्रासारखी गुंडाळलेली कमान जोडलेली असते. घडीसाज तिला ‘बाल कमानी’ म्हणतात. हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्सने ती 1675 मध्ये घड्याळात बसवून दाखवली आणि खिशातलं घड्याळ पहिल्यांदा भरवशाचं झालं.

ताकद येते ती मोठ्या कमानीतून. आपण चावी देतो तेव्हा एका डबीत पोलादी पट्टी गुंडाळली जाते. ती उलगडू पाहते आणि दातेरी चाकांची साखळी फिरवते. तिला मोकळं सोडलं तर काही क्षणांत भर्रकन उलगडून जाईल. म्हणून मध्ये एक पहारेकरी असतो, दोन सोंडांचा एक छोटा आकडा. बॅलन्सच्या प्रत्येक झोक्याला तो साखळीला अर्ध्या दाताएवढंच पुढे सोडतो, आणि सोडता सोडता बॅलन्सला पायाचा तो हलका ठेकाही देतो. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक म्हणजे या पहारेकऱ्याच्या सोंडा दातांवर आपटल्याचा आवाज.

आता भाच्याच्या शंकेकडे. एचएमटीच्या जनता किंवा पायलटमधला बॅलन्स तासाला 18,000 झोके घेतो, म्हणजे सेकंदाला 5. काटा सेकंदात पाच बारीक पावलं टाकतो. अनेक आधुनिक स्विस मशीन तासाला 28,800 झोके घेतात, सेकंदाला 8. पावलं इतकी लहान होतात की डोळ्याला काटा सरकतोय असं वाटतं. सेलवरच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळात मात्र काटा सेकंदाला एकच उडी मारतो. सरकणारा काटा एवढंच सांगतो, की आत बहुधा बॅलन्स आहे. तो कोणत्या कारखान्यात घडला, हे तो सांगू शकत नाही.

जाता जाता एक हिशेब, जो केल्यावर मी बराच वेळ थक्क झालो होतो. 18,000 ला 24 ने गुणा. वडिलांचं एचएमटी दिवसाला 4,32,000 झोके घेतं. आपल्या पुराणांनी कलियुगाची वर्षं नेमकी तेवढीच सांगितली आहेत.

नेमकेपणा किती महाग असतो

दिवसात 86,400 सेकंद असतात. घड्याळ हजारात एक एवढंच चुकलं, तरी दिवसाकाठी दीड मिनिट मागे-पुढे होतं आणि आठवड्यात गाडी चुकते. उत्तम स्विस मशीनला प्रमाणपत्र देणारी संस्था दिवसाला 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे एवढीच सरासरी मुभा देते. साधारण दहा हजारात एकाहून कमी चूक!

आणि ग्वाल्हेरसारख्या हवेत तर हे आणखी अवघड! इथे मे-जूनमध्ये पारा 45 अंशांच्या वर जातो, जानेवारीच्या पहाटे तो 5 च्या खाली उतरतो. साध्या पोलादाची बाल कमानी उष्णतेने ढिली पडते. दर अंशाला घड्याळ दिवसाला दहा-अकरा सेकंद मागे पडतं. चाळीस अंशांच्या फरकाने सात मिनिटं! तापमानाला दाद न देणारा निकेल-पोलादाचा मिश्रधातू शार्ल एद्वार गिय्योम या शास्त्रज्ञाने शोधला. त्या कामासाठी त्याला 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज बहुतेक बऱ्या घड्याळांची बाल कमानी या घराण्यातल्या धातूची असते.

‘17 ज्वेल’ हे शब्द आपण डायलवर कितीदा वाचले असतील. ते शोभेचे खडे नव्हेत. चाकांचे आस केसाइतके बारीक असतात. ते पितळेच्या भोकात फिरले तर भोक झिजून मोठं होईल, म्हणून तिथे माणिकाच्या खड्याची बैठक असते. फ्रान्सच्या ऑग्युस्त व्हर्न्यूईने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भट्टीत कृत्रिम माणिक घडवण्याची रीत जगापुढे मांडली आणि ते स्वस्त झालं. तेच खनिज रंगहीन केलं की महागड्या घड्याळांची ‘सफायर’ काच होते.

नकली घड्याळ फसतं ते बहुतेक या नेमकेपणापाशीच. आराखड्यात खोट नसते. खोट असते ती शेवटच्या हातात. दाते घासून गुळगुळीत केलेले नसतात, आत धातूचा कीस राहून जातो. तेल तर कधी पडलेलंच नसतं, कधी नको तिथे ओघळलेलं असतं. घड्याळाला लागणारं तेल सुईच्या टोकावर मावेल एवढंच, पण ते नसेल तर धातू धातूला खातो. भाच्याच्या घड्याळात हेच झालं होतं. मोडलं काही नव्हतं, सगळं कोरडं पडलं होतं.

एकाचा भाग दुसऱ्याला का बसतो

भाच्याच्या घड्याळातलं मशीन ईटीए 2824 या स्विस मशीनच्या आराखड्यावरचं चिनी मशीन निघालं. हे ऐकून तो हिरमुसला. मला मात्र यात घड्याळाच्या धंद्याचा मोठा इतिहास दिसतो.

आपल्याला वाटतं की नामवंत कंपनी आपलं घड्याळ पहिल्या स्क्रूपासून स्वतः घडवते. काही तसं करतात. पण स्वित्झर्लंडमध्ये शेकडो कंपन्या वर्षानुवर्षं तयार मशीन बाहेरून विकत घेत आल्या आणि त्यांत ईटीएचा वाटा फार मोठा होता. आपल्याकडे मसाला एकाच गिरणीत दळला जावा आणि घरोघरी वेगळ्या डब्यात भरला जावा, तसं. शोधावरचा हक्क साधारण वीस वर्षांचा असतो. तो संपल्यावर तो आराखडा कोणीही वापरू शकतो. म्हणून स्वित्झर्लंडच्याच सेलिटा कंपनीने त्याच धर्तीवर एसडब्ल्यू 200 काढलं, आणि चीनच्या कारखान्यांनीही. यात चोरी नाही. चोरी घडते ती डायलवर, दुसऱ्याचं नाव छापलं जातं त्या क्षणी.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या ट्रेड मार्क्स कायद्यानुसार (1999) खोट्या नावाचा माल बनवणं आणि विकणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी त्याला शिक्षा आहे. कंपनीचं अधिकृत सेवा केंद्रही असं घड्याळ हातात घेत नाही. म्हणून ते शेवटी बाड्यावरच्या पेटीपर्यंत येऊन पोहोचतं.

आराखडा एक, मापं एक, म्हणून भाग एकमेकांत बसतात. मोठी कमान तुटली तर स्विस कमान चिनी डबीत घालता येते, चावीचा दांडा बदलता येतो. तेवढ्याने भागलं नाही तर अख्खं मशीन काढून ईटीए किंवा सेलिटाचं बसवता येतं. हौशी लोक हेच करतात आणि त्याला ‘असली मशीन टाकलं’ म्हणतात. पुष्कळदा त्या मशीनची किंमत घड्याळाच्या किमतीहून जास्त असते.

पण ‘बसतं’ या शब्दात फार काही दडलेलं आहे. काट्यांचंच घ्या. 2824 मध्ये सेकंद काट्याचं भोक 0.25 मिलिमीटरचं लागतं. सीकोचं लोकप्रिय एनएच 35 मशीन घेतलं तर 0.20. फरक एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाचा. पण 0.20 चा काटा 2824 वर बसतच नाही, आणि 0.25 चा एनएच 35 वर ढिला राहून आपटताच गळून पडतो. डायलच्या मागे दोन बारीक खुंट्या असतात. त्या मशीनच्या भोकांसमोर आल्या नाहीत तर डायल टेकत नाही. अशा वेळी काहीजण खुंट्या कापून डायल चिकटपट्टीवर बसवतात. काम होतं, पण तो उपाय बघून कसबी माणसाच्या कपाळाला आठी पडते.

सगळ्यांत फसवी गोष्ट चावीच्या दांड्याची उंची. डायल जिथे टेकते तिथून दांड्याचा मध्य किती खाली आहे, हे प्रत्येक मशीनचं ठरलेलं असतं. केसला पाडलेलं भोक आणि मशीनचा दांडा एका रेषेत नसतील तर दांडा तिरका घासतो. चावी नीट बसते असं वाटतं, पण काही महिन्यांत आतले दाते झिजतात. चावीपाशी असलेलं रबरी कडं एका बाजूला दबून राहतं आणि तिथून घाम आत शिरतो. डायलवर ‘100 मीटर’ छापलेलं असो की 300, अशा घड्याळाने हातसुद्धा जपून धुवावेत.

आणखीही मोठी नक्कल आता होते. रोलेक्सचं 3135 हे 1988 सालचं, 31 ज्वेलचं मशीन चिनी कारखान्यांनी इतकं जवळून उतरवलं आहे, की काही भाग एकमेकांत जातात. झाकण उघडून पाहिलं तरी सामान्य माणसाला फरक सांगता येणार नाही. घडीसाज तो भिंगाखाली पाहतो. स्क्रूची खाच कशी कापली आहे, पट्टीच्या कडेला चकाकी आहे की करवतीचे ओरखडे, यावरून.

मुंबई स्पेशल

आता वडिलांच्या एचएमटीकडे येतो, कारण खरा धक्का मला बसला होता.

एचएमटीची घड्याळं 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळुरात सुरू झाली. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही नावं आमच्या पिढीला घरच्या माणसांच्या नावांसारखी पाठ आहेत. लग्नात जावयाला, नोकरीत निरोपाला, मॅट्रिक झालेल्या मुलाला द्यायची वस्तू म्हणजे एचएमटी. वडील रोज आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या पिप पिप आवाजावर ते लावून घेत. त्यांच्यामुळे आम्हाला वेळ कळायची, हे वाक्य मी शब्दशः लिहितो आहे, घरात दुसरं घड्याळ नव्हतं. 2016 मध्ये सरकारने ही घड्याळं बनवणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला.

घड्याळं बंद झाली आणि हौस सुरू झाली. देशोदेशीचे संग्राहक जुनी एचएमटी शोधू लागले. मागणी आली की पुरवठा येतोच. भंगारातली मशीन साफ करायची, एकाचा बॅलन्स दुसऱ्याला लावायचा, केस घासून चकचकीत करायची, काळवंडलेली डायल खरवडून नव्याने रंगवायची. अशा घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. एचएमटीच नव्हे, जुनी सीको आणि फेवर-ल्यूबाही याच वाटेने गेली. मुंबईचं नाव असं वापरलं जावं याचं मला वाईट वाटतं, कारण हे काम करणाऱ्यांच्या हातात कला आहे. खराब झालेली डायल सरळ रेषांत, नीट अक्षरांत पुन्हा उभी करणं सोपं नाही.

मूळ डायलची अक्षरं कशी उमटतात ते पाहिलं की फरक कळतो. पोलादी पत्र्यावर अक्षरं खोल कोरलेली असतात. त्यांत शाई भरतात, वरची पुसून टाकतात. मग मऊ रबराचा गोळा त्यावर दाबून शाई उचलतात आणि डायलवर टेकवतात. बँकेतल्या रबरी शिक्क्यासारखंच, पण शिक्क्यावर अक्षर उठावाचं असतं आणि इथे खोलगट. म्हणून शाईचा थर एकसारखा आणि कडा धारदार येतात. छोट्या कारखान्यात कोरलेला पत्रा मूळ अक्षरांवरून नव्हे, फोटोवरून बनतो. मग ‘ए’चं पोट बुजतं, शाई जाड बसते, मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या खुणांशी जरा चुकतात. वडिलांच्या डायलवर भिंगातून पाहिलं, तर अगदी तळाशी असलेली बारीक अक्षरं चक्क ओघळलेली होती. इतकी वर्षं मी ती रोज पाहत होतो.

वडिलांनी ती डायल केव्हातरी बदलून घेतली असणार. पाणी जाऊन काळी पडली असेल, दुरुस्त करणाऱ्याने नवी टाकली असेल. त्यात फसवणूक नव्हती. त्यांना वेळ दिसायला हवी होती.

एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा. 1960 च्या आधीच्या अनेक घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा लेप असे. त्याची चमक कधीच गेलेली असते, पण रेडियम गेलेलं नसतं. ते निम्मं व्हायला सुमारे 1,600 वर्षं लागतात. मनगटावर, काचेआड त्याचा धोका फारसा नाही. पण असा लेप घरी खरवडला, तर ती धूळ श्वासातून शरीरात जाऊन हाडांत बसते. आजोबांचं लष्करी घड्याळ नवंकोरं करायची हौस इथे आवरायलाच हवी.

> चौकट: जुनं एचएमटी हातात घेताना
>
> सगळ्यात आधी डायल आणि काटे यांचं वय जुळतं का ते पाहा. डायल कोरी करकरीत आणि काट्यांवर गंज, तर डायल नवी. अक्षरं भिंगाखाली पाहा, जाड किंवा फुगलेली असतील तर पुन्हा छापलेली. बाजारात भडक निळी-केशरी डायल दिसली तर कंपनीने तो रंग कधी काढला होता का, हे जुन्या जाहिरातीत शोधा. झाकण उघडून मशीनवर एचएमटीची खूण आणि आकडा पाहा. काच प्लास्टिकची असेल तर घाबरू नका, मूळ काचही प्लास्टिकचीच असे, आणि तिच्यावरचे बारीक ओरखडे टूथपेस्टने घासून जातात. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: काय काय बदललं? जो मोकळेपणाने सांगतो, त्याच्याकडून घ्या.

तंबोऱ्याच्या तारा

ग्वाल्हेर गाण्याचं गाव, म्हणून मला हे तंबोऱ्यावरून उमगतं. मिरजेच्या तंबोऱ्याच्या तारा दर काही महिन्यांनी बदलतात, घोडी बदलते, जवारी पुन्हा काढतात, खुंट्या नव्या येतात. तरी तो तंबोरा मिरजेचाच असतो, कारण त्याचा भोपळा आणि त्याची घडण मिरजेची. उलट, दुसरीकडे कुठे बनवलेल्या तंबोऱ्यावर मिरजेच्या कारागिराच्या नावाची पट्टी चिकटवली, आणि मग त्याला मिरजेच्याच तारा लावल्या, तर? वाजेल कदाचित छान. पण ती पट्टी खोटीच राहील. अस्सल तारा जोडून तिला खरं करता येत नाही.

भाच्याला मी हेच सांगितलं. त्याच्या घड्याळात दहा अस्सल भाग घाल, ते अधिक चांगलं चालेल, अधिक खरं होणार नाही. याला घड्याळं जुळवायचा नाद लागणार असं दिसतंच होतं, म्हणून दुसरी वाटही सांगितली. एनएच 35 हे मशीन सीकोचीच कंपनी इतरांना उघडपणे विकते, खिशालाही झेपेल असं. त्याच्या मापाच्या केस, काटे आणि कोणाचंच नाव नसलेल्या डायली मिळतात. हौशी मंडळी त्यांतून स्वतःचं घड्याळ जुळवतात. तिथे कोणाचं नाव उसनं घ्यावं लागत नाही.

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा बाड्यावर गेलो. भाच्याचं मशीन उघडून, धुऊन, तेल घालून चालू झालं होतं. एचएमटीही. झाकण लावण्याआधी घडीसाजाने एचएमटीच्या झाकणाची आतली बाजू माझ्यासमोर धरली. तिथे सुईने ओरखडलेल्या बारीक खुणा होत्या, तीन-चार वेगवेगळ्या हातांच्या. जुन्या घडीसाजांची ती रीत जगभर आहे: घड्याळ आपल्या हातून गेलं की झाकणाच्या आत तारीख आणि स्वतःची खूण कोरायची. एकात ’78 स्पष्ट वाचता येत होतं. डायल बदलल्याचं मात्र कोणीच लिहिलेलं नव्हतं.

मी त्याला ते लिहायला सांगितलं. त्याने आजची तारीख कोरली, तिच्याखाली ‘डायल दूसरा’ एवढे दोन शब्द कोरले आणि झाकण दाबून बसवलं. मग भाच्याच्या घड्याळाचं झाकण उचललं. त्याची आतली बाजू अगदी कोरी होती.

“इसमें क्या लिखूँ?” त्याने विचारलं.

भाचा थोडा थांबला. मग म्हणाला, “चीनी मशीन लिख दीजिए। और बिना नाम का डायल मिल जाए, तो वो भी बता दीजिएगा।”